बायका एकाच शब्दाला अडायच्या

संशोधन करणाऱ्या माणसाला दोन खोडी असतात. त्याला प्रत्येक गोष्टीचं कारण आधीच सापडलेलं असतं, आणि भेटेल त्याला तो ते ऐकवत सुटतो. माझ्यात दोन्ही भरपूर होत्या. ज्या बायकांनी लहानपणी शाळेचं तोंड पाहिलं नाही त्या मोठेपणी वाचायला शिकतात तेव्हा नेमक्या कुठे अडतात, हा माझ्या पीएचडीचा विषय. अमळनेरला शिक्षक घडवणाऱ्या एका कॉलेजात मी नोकरी करत होते. आठवड्यातून दोनदा पॅसेंजरनं दोंडाईचाला उतरायचे आणि तिथून एसटीनं एका गावात जायचे. पिशवीत मोबाईल, वही आणि वर्गातल्या बायकांसाठी बिस्किटांचे पुडे. बिस्किटं नेल्यानं संशोधन बिघडतं असं आमच्या मार्गदर्शक सरांचं म्हणणं होतं, म्हणून त्यांना मी ते कधी सांगितलं नाही.

वर्ग भरायचा जिल्हा परिषदेच्या शाळेत, मुलं घरी गेल्यावर. शिकवायचे तिथलेच मुख्याध्यापक, सगळ्यांचे गुरुजी. ते यावलकडचे, केळीच्या मुलखातले, आणि खाणंपिणं सोडून कशाचाच आग्रह धरत नसत. फळ्यावर लिहायचे, शब्दावर छडी ठेवायचे, आणि सगळ्या बायका एका सुरात वाचायच्या. आवाज थेट एसटीच्या थांब्यापर्यंत जायचा. त्या सुरात कोण वाचतंय आणि कोण नुसतं तोंड हलवतंय हे ओळखणं अशक्य, असं मी पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवलं आणि स्वतःवर खूश झाले.

बहुतेक बायका पथारीवर कामाला जात. दोंडाईचाच्या बाजूला ओली लाल मिरची मोकळ्या मैदानात पसरून वाळवतात, त्या जागेला पथारी म्हणतात. तिथं बसून मिरचीचे देठ खुडायचे. संध्याकाळी वर्गात येताना त्यांच्या लुगड्यांबरोबर मिरचीचा खकाणाही यायचा, आणि पहिली दहा मिनिटं मी आणि गुरुजी आळीपाळीनं शिंकायचो. बायकांना त्याचं फार हसू यायचं. माझ्या बोलण्याचंही यायचं. मी जळगावात वाढलेली, आईची बोली घरातच राहिली आणि माझ्या तोंडी शाळेतली मराठी बसली. मी 'आहे' म्हटलं की मागच्या रांगेतून हळूच त्यांच्या बोलीतलं 'शे' यायचं, आणि सगळ्या पदरात तोंड खुपसून हसायच्या.

त्यात एक अक्का होत्या, पंचेचाळिशीच्या. उंच, सडपातळ, बोलायला कमी. हातांची आग होऊ नये म्हणून पथारीवर तेल चोळून बसायच्या, तरी त्यांची बोटं कायम लाल असायची. वर्गात अक्षर सर्वात वळणदार त्यांचंच. त्या शिकायला का येत होत्या हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. शाळेत मुलांची खिचडी करणारी बाई मुलीकडे राहायला जाणार होती. तिची जागा अक्कांना हवी होती. शाळेच्या समितीनं सांगून ठेवलं होतं की यापुढे स्वयंपाकाला वाचता येणारी बाईच घ्यायची, कारण कोणत्या वारी काय शिजवायचं याचा तक्ता भिंतीवर लागतो आणि डब्यांवरच्या चिठ्ठ्या वाचाव्या लागतात. साक्षरता वर्गाची परीक्षा पास झाल्याचा कागद आणला की जागा अक्कांची, नाहीतर शेजारच्या वस्तीवरची नववी शिकलेली सून तयारच होती. अक्का मला एकदाच म्हणाल्या होत्या की पथारीवरून घरी गेल्यावर नातीला जवळ घेता येत नाही, तिच्या डोळ्यांना हात लागतो. त्यानंतर तो विषय त्यांनी काढला नाही.

आता माझ्या कर्तबगारीकडे येते. वाचनाची चाचणी घ्यायची तर उतारा हवा. बाजारात मिळणारे उतारे मला पसंत नव्हते. त्यात राजू आणि मीना बागेत जायचे. आमच्या बायका कुठल्या बागेत जातात? वाचणाऱ्याला मजकुरात आपलं गाव दिसलं पाहिजे, यावर मी कॉलेजात तासभर बोलू शकत असे आणि बोलतही असे. म्हणून मी स्वतः उतारा लिहिला. एक शेतकरी बैल घेऊन दोंडाईचाच्या बाजाराला जातो, ओळखीच्या माणसाशी गप्पा मारत बसतो, आणि बैल कंटाळून एकटाच घरी परततो. शेतकरी दिवसभर बैल शोधत फिरतो. साधी गंमत होती. शेतकऱ्याला नावही मी मुद्दाम त्या भागातलं, जुन्या वळणाचं दिलं होतं. उताऱ्यात ते सात वेळा येत होतं. गोष्ट इतकी जमली म्हणून सांगू, तालुक्याच्या साहेबांनी ती मागून घेतली आणि परीक्षेच्या तोंडी वाचनासाठी तीच छापायचं ठरवलं. मी घरी पेढे आणले.

चाचण्या सुरू झाल्या. एकेका बाईला वेगळं बसवायचं, उतारा हातात द्यायचा आणि मोबाईलवर आवाज घ्यायचा. खालच्या आळीतल्या बायका अडखळत का होईना शेवटपर्यंत गेल्या. वरच्या आळीतल्या मात्र शेतकऱ्याच्या नावाशी येऊन थांबायच्या. बाकी सगळं वाचायच्या, नाव आलं की गप्प, मग पुढचा शब्द. सगळ्यात जास्त थांबल्या त्या अक्का, सातच्या सात वेळा. मी पुढच्या महिन्यात पुन्हा चाचणी घेतली. पुन्हा तेच.

कारण शोधायला मला वेळ लागला नाही. त्या नावात एक जोडाक्षर होतं. मोठेपणी शिकणाऱ्या बाईची गाडी जोडाक्षराला अडते, हा माझा सिद्धांत. आता, त्याच उताऱ्यात 'रस्ता' होता, 'डोक्यावर' होतं, ते त्या सहज वाचत होत्या, हे मला दिसत नव्हतं असं नाही. पण त्यासाठी मी एक उपसिद्धांत केला. जळगावच्या चर्चासत्रात हे सगळं मी पडद्यावर रंगीत खांब दाखवून मांडलं. टाळ्या पडल्या. एका ज्येष्ठ बाईंनी तर जेवणाच्या सुट्टीत भरिताची वाटी माझ्यापुढे सरकवून सांगितलं की असं मुळाशी जाणारं काम हल्ली कोण करतं. त्या प्रकरणाच्या समासात सरांनी मात्र बारीक अक्षरात एवढंच लिहिलं होतं, की बायकांना विचारलंत का?

मला राग आला. विचारायचं काय? अडणाऱ्या माणसाला आपण का अडतो हे कळत असतं तर संशोधक कशाला लागले असते? मी ते प्रकरण आठवडाभर उघडलंच नाही.

परीक्षेला नऊ दिवस उरले असताना दोंडाईचाहून परत येत होते. पॅसेंजरला जागा मिळाली होती, खिडकीही. कानात तार घालून मी अक्कांचा आवाज पुन्हा ऐकायला घेतला, तोही सरांना दाखवून देण्यासारखं काही सापडेल म्हणून. आणि नरडाण्याच्या पुढे कुठेतरी मला पहिल्यांदा ऐकू आलं की अक्का नुसत्या थांबत नव्हत्या. थांबून, श्वास घेऊन, अगदी खालच्या आवाजात त्या म्हणत होत्या, 'त्या', म्हणजे त्यांच्या बोलीतलं मानाचं 'ते'. कागदावर होतं अमुक बाजाराला गेला. अक्का वाचत होत्या, त्या बाजाराला गेले. बैल शोधत फिरला असं मी लिहिलेलं, अक्कांचा शेतकरी बैल शोधत फिरले. माझ्या वहीत या सगळ्याची नोंद 'क्रियापदाच्या चुका' अशी होती, लाल शाईत, सात फुल्या.

ज्याला शब्द वाचता येत नाही तो त्या शब्दाला अहोजाहो करत नाही. एवढं साधं कळायला मला सात महिने लागले होते.

तेवढ्यात मोबाईल वाजला. नवऱ्याचा फोन, कुठवर आलीस विचारायला. पडद्यावर नाव दिसत होतं ते 'अहो'. लग्नाला अकरा वर्षं झाली, मी एम.ए., एम.एड., चर्चासत्रांना जाते, आणि सासूबाईंसमोर नवऱ्याला नावानं हाक मारायची वेळ आली की अजूनही खोकते. फोनवरचं ते नाव मीच घातलेलं. समोरच्या बाकावरचा माणूस माझ्याकडे बघू लागला, कारण मी एकटीच हसत सुटले होते. हसताना डोळ्यांत पाणीही आलं, आणि ते सगळं हसण्याचं नव्हतं. मला माझी भयंकर लाज वाटत होती.

दुसऱ्याच दिवशी रजा टाकली आणि सरळ पथारीवर गेले. ऊन चढलं होतं. अक्का ढिगापाशी बसून देठ खुडत होत्या. मी शिंकत शिंकत शेजारी बसले आणि एकदाचं विचारलं. अक्कांनी हात थांबवला नाही.

"मॅडम, त्या मना सासरा शेतस," त्या म्हणाल्या. "त्यास्नं नाव मी तोंडे कसं लेऊ?"

आजूबाजूच्या बायका हसल्या. त्यांच्यातल्या अर्ध्या वरच्या आळीतल्या, त्याच भाऊबंदकीतल्या सुना. कुणाचा तो चुलत सासरा, कुणाचा मामेसासरा. सासऱ्याचं नाव सुनेनं घ्यायचं नसतं, हे सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं. मॅडम एवढ्या शिकलेल्या, त्यांना ठाऊक असणारच, मुद्दाम काहीतरी बघत असतील, असं त्यांनी धरून चाललं होतं. अक्कांना माझा राग आला नव्हता याचं मला आजही आश्चर्य वाटतं. गावातल्या पाच-पन्नास जुन्या नावांतून मी नेमकं त्यांच्या ओट्यावर बसलेल्या माणसाचं नाव उचललं होतं. ते नाव मी इथेही लिहीत नाही, इतक्या उशिरा का होईना, एवढी रीत तरी पाळते.

आता पळापळ. परीक्षेचे कागद छापून, पाकिटात घालून, लाखेनं बंद होऊन तालुक्याला पोचले होते. मी साहेबांना फोन केला की ते एक नाव बदला. साहेब म्हणाले, मॅडम, तुमचाच उतारा आहे, सगळ्या तालुक्याला हाच जातोय. चारपेक्षा जास्त शब्द चुकले की नापास, असा नियम होता. तोही मीच सुचवलेला. गुरुजींनी परीक्षेला येणाऱ्या बाहेरगावच्या परीक्षकांना फोन लावून बघितला. ते सज्जन गृहस्थ म्हणाले, मले सगळं समजते, पण जे ऐकीन तेच लिहीन. ते निघाले गुरुजींच्याच गावाकडचे. दोघांनी मग केळीच्या भावावर बराच वेळ गप्पा मारल्या आणि मी तिथं हात चोळत उभी.

मी पुन्हा अक्कांकडे गेले. म्हटलं, अक्का, परीक्षेपुरतं घ्या नाव. देवाला सांगू मॅडमची चूक होती म्हणून. खोलीत कोण असणार आहे? अक्कांनी मला गूळ-पाणी दिलं आणि शांतपणे सांगितलं, "माले बठ्ठं वाचता येस, मॅडम. पन नाव नही लेवाव. नापास व्हयसू ते व्हयसू. मिरच्या खुडसू." बठ्ठं म्हणजे सगळं, आणि ते खरंच होतं.

त्या असं म्हणाल्या तेव्हा नात त्यांच्या गुडघ्याशी येऊन उभी राहिली होती, आणि अक्कांनी दोन्ही हात उंच धरले होते, तिला लागू नयेत म्हणून. मी गूळ तसाच हातात धरून बाहेर आले.

ओट्यावर आबा बसले होते. म्हणजे तेच, ज्यांचं नाव. ऐंशीच्या पुढचे, कानानं तिखट, टोपी डोक्यावर पक्की. मी स्वभावानं उतावळी आहे, पण वडीलधाऱ्यांपुढे एरवी जपून बोलते. त्या दिवशी ते भान राहिलं नाही. मी त्यांना सगळं सांगितलं, उतारा, बैल, सात वेळा, नापास, खिचडी. सांगता सांगता आवाज चढला. तुमच्या एका नावापायी या बाईचं आयुष्य मिरचीत जाणार, असंही मी म्हणाले. ते त्यांच्या नावापायी नव्हतं, माझ्या हुशारीपायी होतं, पण रागात माणूस हिशेब बघत नाही.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं की गोष्टीतला तो बैल सापडतो का. मी म्हटलं, सापडतो, घरीच असतो. ते खूप हसले, खोकला लागेपर्यंत. ठसका थांबल्यावर म्हणाले, घर ओळखणारा बैल चांगला, आणि गायीला चारा टाकायला आत निघून गेले. मी उभीच. एसटी चुकली ती वेगळीच.

परीक्षा रविवारी होती. शाळेच्या वऱ्हांड्यात बायका नवी लुगडी नेसून बसल्या होत्या, हळदीकुंकवाला आल्यासारख्या. गुरुजींनी सगळ्यांसाठी शेवभाजी आणि कळण्याच्या भाकरी सांगितल्या होत्या, पास-नापास काहीही होवो. परीक्षक एकेकीला आत बोलवत होते. मला आत बसायला परवानगी होती, पण तोंड उघडायला नव्हती. एवढी मोठी शिक्षा मला आजवर कुणी दिलेली नाही.

अक्कांचा नंबर आला. त्या आत येऊन चटईवर बसल्या, पदर नीट केला, कागद गुडघ्यावर ठेवला. आणि दारात काठी वाजली. आबा. धुतलेलं धोतर, बंडी, खांद्यावर उपरणं. परीक्षक म्हणाले, आजोबा, बाहेर बसा. आबांनी ते ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं, आणि भिंतीला टेकून खाली बसले. अक्का झटकन उठून उभ्या राहिल्या. सासऱ्यांसमोर बसायची रीत नव्हती.

"बस, माय," आबा म्हणाले. "वाच. मनं नाव लेवानं शे तुले. मी सांगस म्हनीसन ले."

अक्का बसल्या नाहीत. मान खाली, पदर कपाळापर्यंत. परीक्षकांनी पेन खाली ठेवलं होतं. वऱ्हांड्यातल्या बायका खिडकीशी गोळा झाल्या होत्या आणि त्यांनीही पदर ओढून घेतले होते. मला वाटलं, संपलं, आता या निघून जाणार.

मग उभ्यानंच त्यांनी वाचायला सुरुवात केली. पहिलं वाक्य बाजारच्या रस्त्याचं होतं, ते झालं. दुसऱ्या वाक्याच्या तोंडाशी नाव होतं. अक्का थांबल्या. मग त्यांनी ते वाचलं. आवाज इतका बारीक की परीक्षक पुढे झुकले. पण शब्द पूर्ण होता, जोडाक्षरासकट. तिसऱ्या वेळेला आवाज जरा मोकळा झाला. बैल निघून गेला त्या जागी अक्कांना हसू फुटलं आणि ते हसू त्यांनी तसंच वाचण्यात मिसळू दिलं. सातव्यांदा नाव आलं तेव्हा त्या आम्हाला विसरल्या होत्या. एकही चूक नाही. परीक्षकांनी कागदावर लिहिलं आणि गुरुजींना मान हलवून खूण केली. गुरुजी तिथूनच म्हणाले, की अक्का, सोमवारपासून या, सोमवारी मुगाची खिचडी असते. माझे डोळे केव्हाच वाहायला लागले होते, आणि कधी नव्हे ते त्या दिवशी मिरचीमुळे नव्हते.

अक्का कागद परत द्यायला वाकल्या. आबांनी हात वर केला.

"थांब," ते म्हणाले. त्यांचा चेहरा ओला झाला होता आणि ते तो पुसत नव्हते. "मनी माय गयी, मोठा भाऊ गया. बठ्ठा माले आबाच म्हंतस. मनं नाव लेनारा आते कोनी ऱ्हायना नही." मग मागणं मागावं तशा आवाजात ते सुनेला म्हणाले, "आखो एकदाव वाच."

बाहेर अजून नऊ बायका थांबल्या होत्या. परीक्षकांनी घड्याळ बघितलं, पण थांबवलं नाही. अक्का आता चटईवर बसल्या, सासऱ्यांच्या समोर, आणि त्यांनी पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.